जवारीचा दोरा

"चादर कशाला टाकतेस? माझेच डोळे बांध की," हेर्लेकर सर म्हणाले आणि चादरीखाली काय दिसतंय ते बघायला त्यांनी पुन्हा मान लांब केली.

"सर, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा बघू."

"माझ्याच स्टुडिओत मला कोपऱ्यात बसवतेस?"

"परीक्षा म्हणजे परीक्षा, हे तुम्हीच म्हणालात."

सर कुरकुरत भिंतीकडे वळले. या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. कोल्हापुरातला त्यांचा स्टुडिओ तेव्हा जोरात होता आणि मी तिथे ध्वनिमुद्रणाचं सगळं काम बघायचे. सर मालक होते, तापट होते आणि आपल्या कानांवर त्यांचा इतका विश्वास होता की घरी कुकरची शिट्टी झाली तरी ते तिचा स्वर सांगायचे.

चादरीखाली तीन डबे होते. माईकमधून येणारा आवाज फार दुबळा असतो. त्याला मुद्रणापुरतं मोठं करणाऱ्या यंत्राला प्रीअँप म्हणतात, आम्ही नुसतं डबा म्हणायचो. वाढवता वाढवता प्रत्येक डबा आवाजाला थोडा आपला रंग लावतो, आणि कुठला रंग चांगला यावरून आमच्या धंद्यातली शहाणी माणसं हातघाईवर येतात. सरांचा डबा विलायती होता. बंद पडलेल्या एका सिनेमा स्टुडिओच्या लिलावात त्यांनी तो उचलला होता. इतका जड की दोघांनी धरायचा. खंडेनवमीला सर त्याला झेंडूचा हार घालत, त्याच्यावर चहाचा कप ठेवलेला त्यांना खपत नसे. पण आता तो म्हातारा झाला होता. मधेच खरखरायचा, सुटे भाग मिळत नव्हते, आणि तो एकच होता.

दुसरा डबा बाजारातला, अगदी नवा. पुण्याच्या एका दुकानदाराने वापरून बघा म्हणून पाठवलेला.

तिसरा इलियासने, आमच्या स्टुडिओतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या पोराने, केलेला. सरांचा डबा उघडून, त्याची नस न् नस बघून, तांब्याची केसाएवढी तार स्वतः गुंडाळून त्याने ट्रान्सफॉर्मर बनवले होते. कैक वर्षं तो त्याच्यामागे लागला होता. सरांना हा डबा पटला तर स्टुडिओसाठी ते त्याच्याकडून असेच आणखी करून घेणार होते, आणि सरांनी घेतले की इतर स्टुडिओवालेही घेणार, हे उघड होतं.

मी इलियासला अंगणात पिटाळलं होतं. जाताना तो म्हणाला, "हेमा, हरलो तर उद्यापासून दुकानात बसायचं. अब्बांना शब्द दिलाय. डबे-बिबे सगळं बंद."

इलियासचे वडील, दस्तगीरचाचा, मिरजेला तंबोरे बनवायचे. नुसते बनवायचे म्हणणं कमीच आहे. मोठमोठे गवई त्यांच्या ओट्यावर ताटकळत बसलेले मी पाहिलेत. इलियास एकुलता एक.

"तंबोरे काय वाईट आहेत?" मी विचारलं.

"वाईट कोण म्हणतंय? मला येत नाहीत गं. भोपळा हातात घेतला की हा वाजतो कसा, एवढंच डोक्यात येतं. अब्बा म्हणतात, आधी तासायला शीक." तो हसला, पण त्याचे ओठ कोरडे पडले होते. "हा डबा एवढा एकच मला येतो."

मला त्याची भीती वाटली. म्हणजे त्याच्यासाठी वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त उत्सुकता होती. कान खरंच काय ऐकतो आणि काय ऐकल्यासारखं करतो, हे कोडं मला तेव्हाही सुटलं नव्हतं, आणि आज ते कागदावर मांडून बघण्यासारखं समोर आलं होतं.

गायला प्रमिलाताई म्हैसाळकर आल्या होत्या. त्यांचा नवा तंबोरा चाचांनीच केला होता, तो घेऊन चाचाही मिरजेहून आले होते. ताईंनी आल्या आल्या फर्मान काढलं, "तंबोरा चाचाच छेडतील. माझ्या शिष्या तंबोरा छेडतात की भाजी निवडतात, कळत नाही."

चाचा काचेपलीकडच्या खोलीत मांडी घालून बसले. मी त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवले.

"ही शिंगं मला कशाला गं पोरी?"

"तुम्हाला तुमचा तंबोरा ऐकू येईल, डब्यातून जाऊन आलेला."

"आन् तसा ऐकू येत न्हाई व्हय?" असं म्हणाले खरे, पण हेडफोन काढले नाहीत.

डब्यांना मी क, ख आणि ग अशी नावं दिली होती. कुठलं अक्षर कुणाचं, हे फक्त मला माहीत. तिघांची पातळीही मीटरवर सारखी करून घेतली होती, कारण जो जरा मोठा वाजतो तोच गोड वाटतो, कान इतका भाबडा असतो. प्रत्येक डब्याच्या वेळी आधी चाचा तंबोरा छेडणार, ताई आकार लावणार, मग मी म्हणणार, "थांबा जरा," आणि सगळं ठीक आहे ना बघून मुद्रण सुरू करणार. दुपार होती, ताईंनी सारंग धरला. तिन्ही वेळा तीच बंदिश, तेवढीच.

'थांबा जरा'च्या वेळी चाचा तंबोऱ्यावर वाकून बोटांनी काहीतरी करत होते, ते मी काचेतून पाहिलं. सूर लावत असतील, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग सगळे ऐकायला बसलो. सर, ताई, चाचा आणि मी. इलियास अंगणात येरझाऱ्या घालत होता, खिडकीतून त्याचं डोकं इकडून तिकडे जाताना दिसत होतं.

'क' संपल्यावर सर म्हणाले, "स्वच्छ आहे. दवाखान्यासारखा."

"माझ्या गळ्याला इस्त्री केलीय कुणीतरी," ताई म्हणाल्या.

'ख' लावला. पहिल्या षड्जालाच सर ताठ झाले. ताईंनी डोळे मिटले. तंबोरा असा भरून आला की खोली मोठी झाल्यासारखी वाटली, आणि ताईंचा आवाज त्याच्यात अलगद बसला. 

"हा माझा!" सरांनी मांडीवर थाप मारली. "घेर बघ, घेर! हे आता कुणाच्या बापाला जमायचं नाही."

"गातानाही इथेच मला सुख वाटलं होतं," ताई म्हणाल्या.

'ग' ऐकताना सर मायेने मान हलवत राहिले. "हा इलियासचा. मेहनत आहे पोराची, पण कोरडा आहे. जीव नाही."

"विलायती ते विलायतीच, साहेब," चाचा म्हणाले.

मी उठून चादर ओढली. डब्यांवर खडूने अक्षरं लिहिलेली होती. 'ख' इलियासच्या डब्यावर होतं. 'ग' होतं सरांच्या लाडक्या डब्यावर, ज्यात जीव नाही असं त्यांनीच नुकतं सांगितलं होतं.

सरांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते एवढ्या मोठ्याने हसले की अंगणात इलियास दचकून थांबला. त्यांनी खिडकीतूनच आरोळी ठोकली, "अरे ये आत, लुच्च्या! माझ्या डब्याला पाणी पाजलंस!" इलियास आत आला तर सरांनी त्याला कवटाळलं, ताईंनी पर्समधली खडीसाखर त्याच्या तोंडात कोंबली. चाचा तंबोऱ्यावर गवसणी चढवत होते. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि त्यांचे हात गाठ मारायची विसरले. मला वाटलं, बापाचा ऊर भरून आलाय.

सगळे गेल्यावर मी मुद्रण नीट लावून ठेवायला बसले. ताई गायला सुरुवात करायच्या आधी नुसता तंबोरा वाजतो, तेवढा तुकडा सहज तिन्हींचा लागोपाठ ऐकला. पुन्हा ऐकला. मग हातातलं सगळं बाजूला ठेवलं.

तंबोऱ्याची तार घोडीवरून, म्हणजे भोपळ्याच्या तबकडीवर बसवलेल्या लहानशा पाटावरून जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोऱ्याचा तुकडा असतो. तो अगदी नेमक्या जागी आला की तार घोडीला हलकेच चाटत राहते आणि आवाज उलगडत, गुंजत जातो. त्याला जवारी खुलली म्हणतात. दोरा जरा इकडेतिकडे झाला की तीच तार मुकी होते. 'ख'मध्ये जवारी पुरती खुललेली होती. 'क'मध्ये साधारण. आणि 'ग'मध्ये जवळजवळ बंद.

म्हणजे आम्ही डब्यांना नव्हे, दोऱ्याला मार्क दिले होते.

जवारी मधे खोलली एवढंच असतं तर मी समजले असते. कसबी माणूस, राहवलं नसेल. पण एकदा खोललेली जवारी कुणी बंद कशाला करेल? ते मुद्दाम केलेलं होतं. आणि इलियासच्याच डब्याला खोलली, म्हणजे पोराला जिंकवायला. पण मग चाचांना कळलं कसं? अक्षरं मला एकटीला माहीत होती. खुद्द इलियासलाही नव्हती. मला काही सुचेना, आणि राहवेना तर मुळीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीने मिरजेला गेले. इलियास डब्यांसाठी तांब्याची तार आणायला सांगलीला गेला होता, ते बरंच झालं. चाचा ओट्यावर बसून एका घोडीवर कानस चालवत होते.

"चाचा, 'ख'च्या वेळी तुम्ही जवारी खोललीत."

कानस थांबली. "खोलली."

"आणि 'ग'ला बंद केलीत."

"व्हय."

"इलियासनं जिंकावं म्हणून?"

 चाचा हसले, पण त्या हसण्यात काही गंमत नव्हती.

"पोरी, तुला डोकं हाय, पर अक्कल न्हाई. त्यानं हरावं म्हणून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बस हितं," ते म्हणाले. "माझ्यामागं ह्या दुकानाचं दार उघडणारं कोण हाय सांग? त्यानं शब्द दिला हुता, हरलो तर येतो. म्हटलं, जिंकू दे साहेबांचा डबा. पोरगं घरला येईल. मी काय दुसऱ्याचं चोरत न्हवतो, माझंच पोरगं माघारी मागत हुतो."

"पण 'ख' तर इलियासचा होता!"

"ते तू चादर वढल्यावर कळलं." त्यांनी कानस खाली ठेवली. "त्या शिंगांतनं ऐकत हुतो मी. पयला आला, त्यो बाजारचा, लगीच कळलं. मग दुसरा आला. तुला कसं सांगू? तंबोरा करताना मी भोपळ्याला कान लावून ऐकतो, तसा आला बग. मला वाटायचं, तसा त्यो फकस्त मलाच ऐकू येतो. म्हटलं, हाच विलायती. हे साहेबांचंच असणार, आपल्या लेकराला कुठनं जमायला? म्हणून खोलली जवारी. येती तेवढी खोलली. तिसरा आला तवा म्हटलं, हा आपला. आन् तार मुकी केली."

 हसावं की रागवावं, मला ठरवता येईना. या माणसाने स्वतःच्या पोराला बुडवायला सगळी कला पणाला लावली होती, आणि हातून नेमकं उलटं झालं होतं. पण ते ज्या कारणाने झालं, ते कारणच इलियासच्या कामाचं एवढं मोठं कौतुक होतं की तसं कुणी तोंडाने कधी केलं नसतं.

"चाचा, निकाल खोटा आहे. सरांना सांगावं लागेल. परत ऐकावं लागेल."

"ऐका की. जवारी बदलली म्हणून सांग. खरंच हाय ते." मग त्यांचा आवाज खाली आला. "पर माझ्या मनातलं इलियासला सांगू नगं. बापानं पाडायला बघितलं, हे त्याला कशाला कळाय पाहिजे?"

मी कबूल केलं.

पुढच्या दोन दिवसांत सगळ्यांना पुन्हा जमवलं. सर वैतागले होते. यावेळी मी एकच माईक लावून त्याचा आवाज तिन्ही डब्यांत एकाच वेळी सोडणार होते. एकच गाणं, एकच तंबोरा.

"हे आधीच का नाही केलंस?"

"आवाज तिघांत वाटायला मधे आणखी एक यंत्र येतं आणि त्याचाही रंग लागतो, असं तुम्हीच म्हणाला होतात, सर."

सरांनी विषय बदलला. सकाळची वेळ होती, सारंग गाणार नाही म्हणून ताई अडून बसल्या. मग तोडी झाली. इलियास यावेळी आत बसला होता, निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायचाच म्हणून. तो मान खाली घालून होता. जवारी मधेच बदलली होती, हे त्याला मी सांगितलं तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलला नव्हता.

सरांनी तिन्ही ऐकले. पुन्हा लावायला सांगितले. बाजारचा डबा त्यांनी चटकन ओळखला. राहिलेल्या दोघांत मात्र ते अडकले. डोळे मिटले, उघडले, खुर्ची पुढे ओढली.

"तू मला फसवतेयस," शेवटी ते म्हणाले. "हा एकच डबा दोन वेळा लावलायस."

"नाही सर. एक तुमचा आहे, एक इलियासचा."

"कुठला कुठला?"

"तुम्ही सांगा."

"मला सांगता येत नाही," सर म्हणाले. सरांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. ते उठून इलियासपाशी गेले. "कर रे बाबा. पाहिजे तेवढे कर. माझ्या म्हाताऱ्याला आता विश्रांती देऊ."

ताई 'वा' म्हणाल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण इलियास उठला नाही.

"काय रे? जिंकलास की!" मी म्हटलं.

"आज जिंकलो म्हण." तो माझ्याकडे न बघता बोलला. "परवा अब्बांनी जवारी खोलली म्हणून 'ख' जिंकला. कसं कोण जाणे, त्यांनी माझा डबा ओळखला आणि टेकू दिला. पोराचं काम आपल्या जोरावर उभं राहील, असं त्यांना वाटलंच नाही."

मी चाचांकडे बघितलं. मी शब्द दिला होता, माझं तोंड बांधलेलं होतं. चाचा गवसणी हातात धरून उभे होते. इलियासचं म्हणणं त्यांना किती सोयीचं होतं! गप्प बसले असते तर पोराच्या नजरेत ते फार तर मायेने चुकलेले बाप ठरले असते.

"टेकू न्हवता त्यो," चाचा म्हणाले.

इलियासने वर पाहिलं.

"तुला पाडायला खोलली जवारी मी. मला वाटलं, 'ख' साहेबांचा हाय. त्यो जिंकावा, तू हरावंस आन् दुकानात यावंस, म्हणून."

"आणि माझा 'ग'?" सरांनी मधेच विचारलं.

"त्यो मला ह्याचा वाटला. म्हणून तार मुकी केली. माफ करा साहेब."

सर काहीतरी बोलायला गेले. "तुम्ही गप्प बसा हो जरा," ताईंनी त्यांना खाली बसवलं.

आता इलियास भडकणार, असं मला वाटलं. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि बापच ती बुडवायला बसला होता. चाचांनाही तेच वाटत असावं. ते मान खाली घालून उभे राहिले. घरी बापलेक त्यांच्या दखनी उर्दूत बोलायचे. पण इलियासने मराठीतच विचारलं, सावकाश, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"म्हणजे तुम्हाला माझा डबा विलायती वाटला?"

"वाटला."

"अब्बा, तुमच्या कानांना?"

"दुसरे कुठले हायत मला?"

इलियासचे डोळे भरून वाहायला लागले. त्याने ते पुसलेही नाहीत, लपवलेही नाहीत.

"परत एकदा सांगा."

चाचांनी आमच्याकडे पाहिलं. ते लाजले होते. "आता? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

चाचांनी गवसणी खाली ठेवली आणि सांगितलं.